सायलेन्सरला पाडलेली भोकं

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलात ड्यूटीच्या नादात बिस्किटांवर दिवस काढतेस म्हणे, ते आधी बंद कर. आता खुर्चीत नीट बस, कारण गेल्या आठवड्यात तुझ्या आजीने गाडीला ड्रिल मारलं.

झालं असं, तुझे आजोबा गियर टाकतात ते कानाने. इंजिन किंचाळलं की पुढचा, कण्हलं की मागचा. आता कानच गेले, तर गाडी बिचारी पहिल्या गियरवर बोंबलत बाजार गाठते. तू दिलेलं कानातलं यंत्र बटणांच्या डब्यात पडलंय, ते म्हणे म्हाताऱ्यांसाठी असतं. मागे तुझ्या बाबांनी, आता गाडी चालवणं पुरे म्हणून किल्ली मागितली आणि यांचं जेवणच सुटलं. मग मीच म्हटलं, कान सुधारत नाहीत तर गाडीचा आवाज वाढवू. सायलेन्सरच्या अलीकडची नळी माझ्या सीटखालून जाते, तिलाच भोकं पाडली. यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ब्लँकेट अंथरून गाडीखाली मी शिरले. हे सूचना देत टॉर्च धरून होते, तोही भलतीकडेच.

अगं, काय आवाज! समोरच्या शिंपीणबाई मशीन सोडून दारात आल्या. गियर कसे पटापट पडायला लागले. पार तुझ्या मावशीकडे जाऊन आलो. आवाजाने डोकं चढतं म्हणून मी काचा घट्ट लावून घेते. पायाखालचा पत्रा गंजून फाटलाय, तिथे पायपुसणं टाकलंय. मी आपली गुणगुणत बसते, यांना काय कळतंय. येताना मात्र मला गाढ झोप लागली, हेही सिग्नलला पेंगले. मागचा गाडीवाला उतरून आला, काच खाली करायला लावून शिव्या घालून गेला. काय एकेक माणसं असतात! रविवारी पुन्हा मावशीकडे निघालोय.

माया आहेच, पत्र लिहून ती वाढव.
तुझी आजी

दि. ७ मार्च

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत शिंपीणकाकूंनी आजोबांच्या हातून किल्ली काढून घेतली असेल. मीच सांगितलं. तुला फोन लावत राहिले, तू उचलेनास, मग त्यांना लावला.

आजी, ती झोप नव्हती गं. भोकांतून निघणारा धूर फाटक्या पत्र्यातून आत येत होता आणि तू काचा लावून बसली होतीस. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. आधी डोकं चढतं, मग झोप येते, मग माणूस उठत नाही. अशी माणसं आमच्या वॉर्डात येतात, काहींना आणून उपयोग नसतो. त्या गाडीवाल्याने काच उघडायला लावली म्हणून तुम्ही दोघं आहात.

नळी आणि पत्रा बदलल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. रागावले आहे, तरी प्रेम तितकंच.
तुझी भिंगरी

दि. १८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी पायपुसणं उचलून तो फाटका पत्रा बघून आले. त्या शिव्या घालणाऱ्याला मी मनात काय काय बोलले होते. आता रोज त्याला हात जोडते.

मेकॅनिक आला. भोकं कोणी पाडली, अगदी एका रेषेत आहेत, म्हणाला. मान वर करायची सोय नव्हती. नवी नळी बसली, पत्रा बसला, गाडी अगदी मुकी झाली. हे नुसतेच स्टिअरिंग धरून अंगणात बसून राहिले. मग आत येऊन बटणांचा डबा मागितला. मी डबा पुढे सरकवला.

यंत्र लावून निघाले, तुझे बाबा परीक्षा घ्यायला मागे. गियर असे पडले की बाबा बाजारात उतरून, किल्लीचं नावही न काढता चालत घरी गेले.

परत येताना आम्ही दोघंच. मी सवयीने गुणगुणत होते. यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी उतरून भाजी घेऊन आले तरी इंजिन चालू ठेवणारा हा माणूस! मला वाटलं, परत काही धूरबीर झाला, म्हणून घाईने काच उघडायला गेले. तर माझ्याकडे बघत विचारतात, किती वर्षं गातेस गाडीत? म्हटलं, गाडी घेतली तेव्हापासून, तुमचा कान सगळा इंजिनाकडे. मग म्हणाले, आता पहिल्यापासून म्हण.

मला एक ओळ आठवेना गं. आजीचं तोंड बंद पडलेलं तुला पाहायचं होतं ना, तेव्हा हवी होतीस.

काचा उघड्याच ठेवते. अशीच रागावत जा.
तुझी आजी