चौथ्या मार्गावरचं डावं वळण

ता. ३ नोव्हेंबर

ती. दादांस,
बेबीचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी चढ बंद करून तुमचे गुडघे वाचवले आणि तुमच्या सायकल-मार्गांच्या पुस्तिकेपायी माझे कामाला लागले. रविवारी चौथा मार्ग तपासून आले. आठवडाभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीत उभं राहायचं आणि सुट्टीला नदीच्या खोऱ्यात पॅडल मारायचं, हे सत्तावन्नाव्या वर्षी कोणी सांगितलंय, ते एकदा वहिनींना विचारा.

नदीकाठचा रस्ता सुरेख आहे, सपाट आणि सावलीचा. पुस्तिकेत तुम्ही लिहिलंय, एकोणतीस किलोमीटरला डावीकडे वळून टेकडी चढावी. माझ्या सायकलच्या मीटरवर एकोणतीस झाले तेव्हा डावीकडे एक गोठा होता. आता येईल, मग येईल करत गेले ती एकतिसाव्या किलोमीटरला थेट आपल्या नानाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. वळण सत्तावीस पॉइंट सातलाच मागे पडलं होतं. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडही माझ्याच मीटरच्या बाजूने आहेत.

आणि हा चढ कशाला, ते तरी सांगा. नऊ किलोमीटर धापा टाकत चढायचं, उतरायचं, आणि परत त्याच नदीकाठच्या रस्त्याला यायचं, तेही नानाच्या दुकानाच्या जरा पुढे. मधल्या सपाट टप्प्यावर त्याच्या दुकानाशिवाय टाळण्यासारखं काही नाही. मी काय दुधखुळी आहे का?

ऐका. नाना महिनाअखेरीला दुकान बंद करून मुलीकडे राहायला चाललाय. गिऱ्हाईक नाही म्हणतो. निम्मं सामान खोक्यांत गेलंय. पाच वर्षं तुम्ही सख्खे भाऊ एकमेकांशी बोलला नाहीत. आता तो लांब गेला की ते राहूनच जाईल.

लोभ आहेच, तो चढावरही टिकावा ही विनंती.
आपली,
बेबी


ता. ८ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अ. आ.

पत्र पोचलं. त्यातला सूरही पोचला. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे, तेव्हा डावं वळण कुठे येतं हे मला औषधांच्या खिडकीतून कळायला नको.

टेकडीवरून संपूर्ण खोरं दिसतं, नदीचे तीन वेढे एका नजरेत येतात. म्हणून तो रस्ता घेतला आहे. दुसरं कारण नाही. पहिल्या आवृत्तीत तो नव्हता, कारण तेव्हा मला सुचला नव्हता; लगेच दुसरी काढली तेव्हा सुचला. तुझं मीटर नानाने बसवलेलं असणार. तपासून घे.

तू विषय काढलासच म्हणून सांगतो. पहिल्या आवृत्तीच्या प्रकाशनाला सभागृह भरलेलं, पाहुणे व्यासपीठावर, माझ्या हातात फुलं, आणि हा मागच्या रांगेतून उठतो. दादांनी टायर बारीक घातले पण मीटरला जुन्याच जाड चाकाचं माप ठेवलं, त्यामुळे पुस्तिकेतले सगळे आकडे जास्त आहेत, असं सगळ्यांसमोर सांगतो! लोक हसले. माझे विद्यार्थी हसले. घरी येऊन कानात सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?

तो जातो आहे तर जावो. त्याला कोणी धरून ठेवलेलं नाही. छापखान्याला वीस तारखेपर्यंत नव्या आवृत्तीचा मजकूर हवा आहे. पाचव्या मार्गाचं कधी जमतंय ते कळव. गुडघ्याला गरम पाण्याने शेकत जा. तुझ्या वहिनीने आठवण केली आहे.

तुझा,
दादा


ता. १२ नोव्हेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पाचवा मार्ग होणार नाही. तुम्हां दोघांमधला पोस्टमन व्हायचाही मला आता कंटाळा आलाय.

काल मुद्दाम रजा काढून नानाच्या दुकानात दिवसभर बसले. सकाळपासून सातजण आले. सातहीजण तुमची पुस्तिका हातात घेऊन, वळण हुकलेले. म्हणजे बघा, नानाचं दार टाळायला तुम्ही टेकडी घातलीत, आणि तुमचाच चुकलेला आकडा प्रत्येकाला बिनचूक त्याच्या दारात नेऊन सोडतो. मला हसू आवरेना.

पण पुढचं बघून हसू पळालं. नानाने प्रत्येकाला पाणी दिलं, चाकात हवा भरून दिली, आणि मागे पाठवलं. आणि काय सांगून, माहीत आहे? पुस्तिका माझ्या भावाची आहे, ती बरोबर आहे, तुमचं मीटर चुकत असणार, असं. एकाने दगडांचा दाखला दिला, तर दगडसुद्धा चुकीचे बसवलेत म्हणाला. दादा, पाच वर्षं तो हेच करतोय. हे लोक पुढे सरळ गेले असते तरी चाललं असतं, पण वरून खोरं छान दिसतं, चुकवू नका, म्हणून हा त्यांना चढाला लावतो. एवढ्यात कोण थांबून काही दुरुस्त करून घेणार? गिऱ्हाईक नाही ते असं.

मी त्याच्यावर भडकले. हा मूर्खपणा कशासाठी, विचारलं. तर खाली बघून साखळी पुसत म्हणाला, की एकदा सगळ्यांसमोर बोललो ते आयुष्याला पुरलं, आता दादांचा शब्द कोणासमोर खाली पडू देणार नाही.

मला रडू आलं. तुमचाही राग आला आणि त्याचाही. वीस तारखेला काय छापायचं ते आता तुम्हीच ठरवा.

रागावलेली असले तरी तुमचीच,
बेबी


ता. २२ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अ. आ.

दादांना काय लिहिलंस कोण जाणे, पण माझ्या डोक्याला ताप करून ठेवलास.

सतरा तारखेला ते बसने माझ्या दुकानात आले. मांडीवर सायकलचं पुढचं चाक, खिशात मीटर. आले ते सरळ चाक टेबलावर ठेवून म्हणाले, हे जरा डगमगतं. अजिबात डगमगत नव्हतं. मी टायरवर खडूने खूण केली आणि ओट्यावर चाकाचा एक फेरा फिरवला. टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. दोन मीटर दहा सेंटिमीटर भरलं. त्यांच्या मीटरमध्ये चाकाचं माप घातलेलं होतं दोन मीटर वीस. मास्तरांनी तीनदा मोजायला लावलं. मग म्हणाले, ओटा उताराचा आहे. मी हो म्हणालो.

तेवढ्यात पुस्तिका घेऊन एकजण वळण हुकून आला. मी सवयीने तोंड उघडलं, तर दादा मध्येच उठले आणि त्याला म्हणाले, की चूक तुमची नाही, माझी आहे, आणि हा माझा भाऊ पाच वर्षांपूर्वीच सांगत होता. अनोळखी माणसासमोर! तो बिचारा पाण्याची बाटली धरून आम्हां दोघांकडे बघत राहिला. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी त्याच्या ब्रेकची तार बदलून टाकली.

मग तीन दिवस चौदाही मार्गांचे आकडे बदलत बसलो. मी कॅल्क्युलेटरवर करायचो, ते कागदावर करून माझ्या चुका काढायचे. घोरतात अजून तसेच. छापखान्याचे फोनवर फोन. वीस तारखेला संध्याकाळी मजकूर गेला एकदाचा.

चौथ्या मार्गातली टेकडी त्यांनी काढून टाकली. वरून दिसतं छान, राहू द्या म्हणालो, तर मलाच ओरडले. त्या जागी काय लिहिलंय ते मला मजकूर गेल्यावर दाखवलं. जसंच्या तसं उतरवतो: 'कि.मी. ३१. उजव्या हाताला सायकल दुरुस्ती. पाणी, हवा. वर्षभर उघडे. मीटर तपासून मिळेल.'

वर्षभर उघडे! मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मुलगी फोनवर चिडली आहे, तिने माझी खोली रंगवून ठेवली होती. पण छापलेलं खोटं ठरवू कसं? तेही दादांचं?

तेव्हा खोकी रिकामी करतोय. नट आवळायचे पाने कुठल्या खोक्यात गेले ते सापडत नाही. रविवारी मदतीला ये, आणि येताना सरळ ये, वळू नकोस.

तुझा,
नाना