गाडीचं काय ठरलं

नेरूळ,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय पायल,

आज सकाळी संघर्षचा दोस्त अभय आला. आम्ही दोघं त्याच्या नावड्याच्या गाळ्यावर गेलो, संघर्षची गाडी बाहेर काढली, उरणच्या रस्त्याला नेऊन चालवली आणि सोसायटीत आणून लावली. मग मी आंघोळ केली, जेवलो. बायजा दुपारी विहारात गेली. घरात मी एकटा आहे.

ठाण्याच्या गृहस्थांना उद्या उत्तर द्यायचं आहे, गाडी विकायची की नाही ते. तू फोनवर म्हणालीस, "पप्पा, देऊन टाका. मी एप्रिलमध्ये पुण्याची नोकरी सोडून घरी येतेच आहे. आपल्या तिघांना साधी गाडी बरी." ह्या दोन्ही गोष्टींवर मला काही सांगायचं आहे. फोनवर मला जमत नाही हे तुला माहीत आहे. मी "बरं, बरं" म्हणतो आणि फोन बायजाकडे, तुझ्या सासूकडे, देतो. बेलापूरच्या ऑफिसात नोकरीभर मी लोकांच्या अर्जांवर टिपणी लिहिली. लिहिताना निदान माझं वाक्य पूर्ण होतं. म्हणून बसलो आहे.

ठाण्याचा माणूस वाईट नाही. दोनदा येऊन गाडी बघून गेला. म्हणाला, "काका, बॉडी एक नंबर केलीय तुमच्या मुलानं. इंजिन मात्र मी काढणार. हे गोल फिरणारं लफडं आपल्याकडे सांभाळणार कोण? साधं पिस्टनचं टाकतो, डोक्याला ताप नाही." त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी त्याला चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हणालो.

पण त्या इंजिनासाठीच तर संघर्षनं ती गाडी घेतली होती. आठवतं तुला? बेलापूरच्या एका डॉक्टरांनी विलायतेहून परत येताना ती बरोबर आणली होती आणि मग बंगल्याच्या आवारात कव्हर घालून विसरून गेले होते. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, सीटमध्ये घरटं केलं होतं. टोचन करून सोसायटीत आणली तेव्हा सगळे गॅलरीत उभे राहिले. त्याने कौतुकानं मागचे उलटे उघडणारे दरवाजे उघडून दाखवले, तर बायजा म्हणाली, "कपाट हाय का ह्ये? पैसे देऊन कपाट आनलास?" मला राग आला होता. एवढा शिकलेला मुलगा आणि गंजलेली जपानी मोटार घेऊन येतो. पण राग बोलून दाखवायची मला सवय नाही.

नंतर लॉकडाऊनमध्ये त्याने इंजिन उघडलं आणि आतला भाग धुऊन, पुसून जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून ठेवला. फुगीर बाजूंचा लोखंडी त्रिकोण. बायजा म्हणाली, "ह्यो काय, समोसा?" तू हसत हसत खालीच बसलीस. तो चिडला, "आई, ह्याला रोटर म्हणतात." "आसंल. पन टेबल माजा हाय." त्या दिवशी त्याने मला समजावून सांगितलं. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतात, ह्यात हा त्रिकोण गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या भिंतीला घासून चालल्या पाहिजेत. म्हणून हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जाळतं, मुद्दामच. मी म्हणालो, म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरसारखं. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "पप्पा, करेक्ट." आयुष्यात त्याच्या विषयातलं मी काही बरोबर बोललो ते तेवढंच. पुढे तो पंपावर मला घेऊन जायचा आणि टाकीत स्कूटरचं ऑइल ओतायला लावायचा. पंपावरचा मुलगा ओरडायचा, "ओ काका, कार आहे ती, स्कूटर नाही!" आणि संघर्ष आत बसून हसायचा.

मार्चमध्ये तो गेला. डोकं दुखतंय म्हणून ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसला, आणि दोन दिवसांत सगळं संपलं. हे तुला मी काय सांगणार. पण त्यानंतर गाडीचं मी काय केलं ते तुला नीट माहीत नाही, ते सांगतो.

मी तिला जपलं. दर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना पाम बीच रोडनं वाशीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. चाळीसच्या वर कधी गेलो नाही. गिअर लवकर टाकायचो, म्हणजे इंजिनाला ताण नको. आवाज वाढला की पाय काढायचो. मागचे लोक हॉर्न देऊन पुढे जायचे. सोसायटीत कुणाला टेम्पो लावायचा असला तर चालू करून दोन हात पुढे घ्यायचो आणि लगेच बंद करायचो, पेट्रोल वाया नको म्हणून. रोज फडक्यानं पुसायचो. सगळे म्हणायचे, "गमरेसाहेब, मुलाची गाडी काय जपलीय तुम्ही!" मला बरं वाटायचं.

सप्टेंबरमध्ये ती चालूच होईना. तू तेव्हा नुकतीच पुण्याला गेली होतीस. अभय इतके महिने कंपनीच्या कामाला गुजरातेत होता, तो परत आला आणि बघायला आला. त्याने सगळं तपासलं, मला विचारलं कशी चालवत होता. मी सांगितलं. तो डोक्याला हात लावून पायरीवरच बसला. "काका, लाडानं मारलंत तुम्ही तिला. हे इंजिन हळू चालवलं की आत काजळी धरतं. पट्ट्या चिकटून बसतात. गार असताना चालू करून लगेच बंद केलं तर पेट्रोलनं भिजून गुदमरतं. ह्याला रोज एकदा मीटरच्या लाल रेषेपर्यंत ओरडू द्यायचं असतं. संघ्या उगाच बोंबलत चालवायचा असं वाटलं का तुम्हाला?" खरं सांगतो, मला तसंच वाटायचं.

अभयनं गाडी नावड्याला नेली. तिथे त्याचा एक गाळा आहे, शेजारी वेल्डिंगवाला. दर रविवारी मी जायचो. प्लग काढून आत औषध ओतायचं, ते मुरू द्यायचं, मग पाना लावून इंजिन हातानं थोडं थोडं फिरवायचं. पाना धरायचं काम माझ्याकडे होतं. आधी काहीच हलायचं नाही. मग आतून काहीतरी सुटल्यासारखं लागायचं. संघर्षनं एक छोटी ॲल्युमिनियमची टाकी बनवून घेतली होती, ती माळ्यावर सापडली. अभयनं ओळखली. स्कूटरचं ऑइल वेगळ्या टाकीतून थेट इंजिनाला मिळावं, म्हणजे पंपावर ओतायला नको, असं संघर्षच्या डोक्यात होतं. तेवढंच काम राहून गेलं होतं. आम्ही ती टाकी बॅटरीच्या बाजूला बसवली. टाकी धरणारा पत्र्याचा एक कान किंचित वाकडा आहे, तो माझ्या हातचा. अभय म्हणाला, "राहू द्या, काका. तुमची सही."

आज पहिल्यांदा बाहेर काढली. उलव्याच्या पुढे रस्ता रिकामा होता. आधी अभयनं गरम होईपर्यंत चालवली, मग उतरला आणि म्हणाला, "बसा." मी नको म्हणालो. "तुम्हीच बिघडवलीय, तुम्हीच सुधारा. दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, पाय काढायचा नाही." मी दाबलं. मला वाटलं पुरे. तो म्हणाला, "अजून." काटा चढत होता. "अजून, काका. मेली तर माझ्या नावावर." मोटारीसारखा आवाज नव्हता तो. शिलाई मशीन फार जोरात चालवावं तसा एकसारखा वर वर चढत गेला. मागे काळा धूर सुटला, आरशात रस्ता दिसेना. लाल रेषेजवळ तिने स्वतःच इशाऱ्याची शिटी वाजवली तेव्हा मी पाय काढला. तसं चार वेळा केलं. शेवटच्या वेळेला धूर निघाला नाही.

मग मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून थोडा वेळ पाठ करून उभा राहिलो. मार्चपासून मला रडू आलं नव्हतं. अभय गाडीत बसून मोबाईल बघत राहिला. चांगला मुलगा आहे. एवढंच लिहितो.

परत येताना मी आपल्या घराचा विचार करत होतो. मार्चनंतर तू पाच महिने आमच्याबरोबर राहिलीस. आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला. तुझ्यासमोर संघर्षचं नाव घ्यायचं नाही असं मी आणि बायजानं न ठरवताच ठरवलं. तुला दिसून त्रास नको म्हणून त्याचे बूट मी रॅकवरून काढून कपाटावर टाकले. एका सकाळी तू रॅकसमोर किती वेळ उभी होतीस. शोधत होतीस हे मला कळलं. तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तू मोठ्यानं बोलणारी, भांडणारी, स्वयंपाकघरात गाणी लावणारी मुलगी. तू हळू हळू आमच्यासारखी बोलायला लागलीस. आम्हाला वाटलं, सावरते आहे.

आणखी एक. संध्याकाळी तू खाली जाऊन गाडीत बसायचीस, काचा वर करून. एकदा मी कचरा टाकायला उतरलो तेव्हा बघितलं. आवाज बाहेर येत नव्हता, पण तू ओरडत होतीस. मी तसाच वर आलो. दुसऱ्या दिवशी वॉचमन शिवाला सांगितलं की संध्याकाळी पोरांना त्या बाजूला खेळू देऊ नकोस. माझ्याकडून तेवढंच झालं. पुण्याला बदली मिळते आहे असं तू म्हणालीस तेव्हा मी लगेच हो म्हटलं, ते ह्यामुळे. बायजाला अजून वाटतं की मी तुला घालवून दिलं.

आता तू परत येते म्हणालीस तर तिने तुझ्या खोलीचे पडदे धुऊन लावले. रोज एकदा सांगते, "पोर येनार माजी." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात तिसरं ताट असलं की जेवण जातं. पण डिसेंबरात मी तुला फोन केला होता, पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड विचारायला. तू फोन उचललास आणि आधी तुझं हसणं ऐकू आलं. कुणाला तरी म्हणालीस, "थांब ना गधड्या, मारीन हां!" मागे चार-पाच जण होते. मग माझा आवाज ऐकलास आणि एकदम हळू म्हणालीस, "बोला, पप्पा." ते दोन आवाज माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिला मी मार्चच्या आधी आपल्या घरात ऐकला होता.

म्हणून हे पत्र. गाडी विकत नाही. ठाण्याच्या माणसाला उद्या तसं कळवतो. गाडी तुझी आहे, आणि ती माझ्याकडे ठेवू नकोस. आज जमलं, पण माझा हात मला माहीत आहे, महिन्याभरात मी पुन्हा चाळीसवर येईन. लोणावळ्याहून तू ती चालवत आणलीस तेव्हा संघर्ष म्हणाला होता, "पप्पा, ही माझ्यापेक्षा जोरात खेचते." तू येऊन घेऊन जा. एक्स्प्रेसवे आहे, चांगली चालव. आणि पायल, नोकरी सोडून इथे राहायला येऊ नकोस. तुझ्यावर राग नाही, कंटाळाही नाही. आम्ही दोघं चांगली माणसं आहोत, पण आमच्याकडे सगळं हळू चालतं, आणि ते आता आमच्यानं बदलणार नाही. आमची काळजी करू नकोस. पेन्शन आहे, विहारातल्या बायका आहेत, माझा गुडघा जिना चढतो. भेटायला ये, मोठ्यानं बोल, टेबलावर काय वाटेल ते ठेव. तिथे ज्यांच्याबरोबर हसत होतीस त्यांच्यातला कुणी बरोबर यायचा असेल तर त्यालाही आण, आम्ही काही विचारणार नाही. बायजा मात्र विचारेल, त्याला इलाज नाही. हे पत्र लिहिलं ते तिला माहीत नाही. कळल्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. ते मी बघतो.

सकाळच्या शर्टावर बाहीपर्यंत ऑइल पडलं आहे. ती यायच्या आत साबण लावून भिजत घालतो.

तुझेच,
पप्पा