बेंटानं विषय काढला नाही

२ मे २०१६, लातूर
उद्या निघायचं. डेन्मार्कला, बेंटाकडे. लातूर जिल्हा झाला त्या साली ती शाळेच्या विद्यार्थी-अदलाबदलीतून तिकडून आली आणि वर्षभर माझ्या सासरी राहिली. ती सतरा वर्षांची, मीही सतरा. ती गणवेश घालून शाळेत जायची. मी नवी सून. तिचा डबा करायची आणि दुपारी तिची पुस्तकं वाचायची. आमचे हे तिला बहीण मानायचे. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचे फोन येतात: हवा, बाग, गुडघे. ह्यांच्याबद्दल एक शब्द नाही. तिकीट लेकीनं, महानंदानं, काढलं. "आई, जरा बदल होईल." बदल कसला? मी बेंटाला सुनावायला चाललेय. लेकीला हे सांगितलेलं नाही.

४ मे, आर्हुस
ठरवलं होतं, हसायचं नाही. आमच्यात दुःखानंतरची पहिली भेट म्हणजे आधी गळ्यात पडून रडायचं, मग पाणी, मग बाकीचं. विषय भेटायला येणाऱ्यानं काढायचा. दुःखातल्या माणसानं नाही. विमानतळावर मी पर्स खाली ठेवली, चष्मा काढला, पदर हातात घेतला. बेंटा पळत आली. हसत. हातात फुलं! "रत्नम्मा, लई म्हातारी झालीस की गं!" मराठी अजून तसंच. मी हसले. पण फक्त उच्चारांना.

४ मे, रात्री ९
बाहेर अजून उजेड आहे. निश्चय: तिनं विषय काढेपर्यंत ह्या घरचं अन्न घ्यायचं नाही. बरोबर चिवडा आहे.

५ मे
इथल्या लोकांकडे काळा ब्रेड असतो. जाड, आंबूस. तीन तुकडे खाल्ले. भांडण बेंटाशी आहे, ब्रेडनं काय केलंय?

६ मे
मी लिंगपूजेला बसायच्या आधीच तिनं पाण्याचं भांडं भरून ठेवलं, शेजारी फूल. सासूबाईंना बघून शिकलेली. म्हणजे पूजा लक्षात आहे, माणूस नाही. भयंकर राग आला. पूजा मात्र चांगली झाली.

७ मे
बेंटा बागेत नळी सोडून बसलेली. आमच्याकडं प्यायचं पाणी रेल्वेनं यायलंय आणि ही गवताला पाजायलीय! जाऊन तोटी बंद केली. "काय झालं गं?" "काही न्हाई." ह्यावर तिनं पुन्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तिच्या बादल्या, पातेली, फुलदाण्या सगळं भरून ठेवलं. "रोज येतं की बाई पाणी," म्हणाली. कुणाचा भरवसा धरायचा?

८ मे
तिला एक संधी दिली. दिवसभर ह्यांचा मफलर गळ्यात घालून तिच्यासमोर फिरले. "थंडी वाजायलीय का?" म्हणाली आणि हीटर लावला. घामाघूम झाले. मफलर काढला नाही.

९ मे
तिनं वांग्याची भाजी केली. कशी झालीय, म्हणाली. मी सुटलेच. दादा म्हणायचीस तू त्यांना! जिल्हा झाल्याची मिरवणूक बघायला तुला लुनावर बसवून नेलं म्हणून बापाच्या शिव्या खाल्ल्या त्यांनी! आणि तुझ्या तोंडून त्यांचं नाव निघंना?
बेंटानं चमचा खाली ठेवला. "महानंदानं सांगितलं मला. आईसमोर बाबांचं नाव काढू नका. आई उठून जाती. घरात कुणीच काढत न्हाई."
मी असं कधी म्हणाले? मग आठवलं. ह्यांची माती झाली त्या आठवड्यात, सगळ्यांना समोर बसवून म्हणाले होते. पण इतकं पाळतील असं कुणाला वाटलं होतं?
बेंटा खुर्ची ओढून जवळ बसली. "दादांना शेवटी लई तरास झाला का गं?"
हाच प्रश्न. दोन वर्षं ह्याचं उत्तर मनात घोकतेय. मी म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय."
ती मीठ आणायला उठली आणि ओट्याशीच रडायला लागली. मी तिची पाठ चोळत उभी राहिले.

१० मे
महानंदाला फोन लावला. झापायचं पक्कं ठरवलं होतं: घरातलं बाहेर कशाला सांगायचं? ती "हॅलो आई" म्हणाली. मी म्हणाले, "बाबांचं काही तरी सांग गं."
 पलीकडून बारीक आवाजात, "आई, बोलू का मी?"
झापायचं राहिलं.