आक्काचा अंगठा

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

मार्गासनीच्या सभेत आज यंत्रांच्या गुलामीवर तासभर गरजलो. टाळ्याही पडल्या. तिथून वेल्ह्याच्या वरच्या वाडीत आक्काकडे आलो, तर माझ्या सख्ख्या बहिणीचाच उजवा अंगठा सुजलेला! मोबाईलमधला सापाचा खेळ. दिवसभर तेच. मान आखडली आहे, झोप उडाली आहे, शेळीची धारही काढता येईना.

"आक्का, ठेव तो मोबाईल!"

"भाषण खाली झालं न्हवं? हितं ऐकायला शेळ्याच हायत."

हसू दाबून पुन्हा चिडलो. शेळ्यांवर तिचं घर चालतं. तो अंगठा कायमचा गेला तर?

"ठिवते की," ती म्हणाली. "पण तुजं दाजी गेलं, पोरगं पुण्याला. सांजच्याला म्या बोलू कुणाशी?"

भांडं घेऊन शेळीपाशी गेलो. धार मी काढली. शेळीनं लाथ मारली, तेव्हा आक्का पोट धरून हसली.

आज मुक्काम इथंच. अंगठ्याला हळद लावून ती चुलीपाशी केव्हाची बोलते आहे. हे लिहितानाही ऐकतो आहे. मोबाईल फळीवर गप्प पडला आहे, आणि मीही.