नव्वद हातांचा जुना कागद

आबा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग मी जपून ठेवला आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. कसब्यात लोक मला तुमचा मुलगा म्हणून नमस्कार करतात, आणि मोजणीचं काही अडलं की सरळ तुमच्या त्या शिष्याकडे जातात. नमस्कार मला आणि काम त्याला.

एक दुपार अजून जात नाही डोळ्यांपुढून. तुम्ही जेवून उठला आहात. मोजणीची जुनी काठी टोकांना झिजली म्हणून नवी तोडायची आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हात कुणाचा, ते श्रीमंतांच्या दफ्तरात कुठे लिहिलेलं नाही. तुम्हीच म्हणायचात, सरकार हुकूम देतं, हात ज्याने त्याने घरून आणायचा. इतकी वर्षं तुमचा हात चालला. आता तो थरथरू लागला होता, म्हणून तुम्ही मला आणि त्या शिष्याला पाटावर कोपर टेकवायला सांगितलंत. माझा हात त्याच्यापेक्षा दोन बोटं आखूड भरला. तुम्ही त्याच्या हाताने काठी तोडलीत आणि मला म्हणालात, "तुझा हात लेखणीपुरता ठीक आहे." आई आत ताक घुसळत होती. रवी थांबल्याचं मला ऐकू आलं.

आबा, जुन्या कागदांतले गज, हात, मुठी यांच्या काठ्या करून बिघे काढायचे ते मी. तेही तोंडी. त्याला साधा भागाकार बोटं मोडून करावा लागे. तरी तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात की जमीन याला कळते, आमच्या चिरंजीवांना फक्त आकडे कळतात. हेवा वाटायचा मला त्याचा. वाटायचा कसला, वाटतो. पंचावन्न वर्षांचा घोडा झालो तरी वाटतो.

मग हिंगण्याचं काम आलं. ओढ्यापासून नव्वद हात एका इनामदाराचं, त्यापलीकडे एका विधवा माळणीचा मळा, असा आजोबा-पणजोबांच्या वेळचा कागद होता. त्या हातांच्या काठ्या करायच्या आणि हद्दीचे दगड रोवायचे. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. काठी टाकायला त्याला पाठवलंत आणि लिहून घ्यायला मला. तो ओढ्यावर दोरी ताणत होता तेवढ्यात मी पाणी प्यायला मारुतीच्या देवळात गेलो. तिथे जोत्याच्या दगडावर हातभर अंतराने दोन खाचा होत्या. कसल्या, म्हणून म्हाताऱ्या गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "ह्यो आमच्या गावचा हात हाय. जुन्या कागदात हात म्हनला की ह्योच धरायचा." मी सहज कोपर टेकवलं. माझाच हात, आबा! ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

मला इतका आनंद झाला की पाणी प्यायचं राहून गेलं. दोन बोटं, नव्वद वेळा, चोवीस बोटांचा एक हात. साडेसात हातांचा फरक मी पायऱ्या उतरता उतरता काढला. तुमचा लाडका साडेसात हात चुकणार होता. मी ओढ्यावर गेलो आणि मुकाट्याने लिहीत बसलो. त्याने मन लावून काठी टाकली. दगड रोवला गेला तेव्हा माळणीची विहीर इनामदाराच्या बाजूला गेली होती. सासऱ्याने खणलेली विहीर आहे माझी, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी मान वर केली नाही.

मी ठरवलं होतं की तुम्ही उठून बसलात की तुमच्यासमोर त्याची चूक काढायची. एकदा तरी तुम्ही त्याच्याकडे तसं बघावं, जसं माझ्याकडे बघायचात. तुम्ही उठलाच नाहीत. तेरावा होईपर्यंत कागदावर शिक्का पडला होता. मग बोलायचं म्हणजे "तेव्हा का गप्प बसलास" हे आलंच. माळीण वीस वर्षं ओढ्याचं पाणी डोक्यावर वाहते आहे.

परवा तो आला. कुणाच्या लग्नाला हिंगण्याला गेला होता, तेव्हा त्या खाचा त्याला दिसल्या. तसाच दफ्तरात गेला आणि लिहून देऊन आला की चूक माझी, गावचा हात न विचारता मी काठी टाकली. पाय धुऊन घरात यावं इतक्या सहज त्याने ते मला सांगितलं. मला त्याचाही हेवा वाटला. पण इनामदाराचा मुलगा म्हणतो, खाचा माळणीने आता पाडून घेतल्या. गुरव कधीच वारला. त्या खाचा मोजणीच्या दिवशी होत्या, असं सांगणारा कुणीतरी हवा, नाहीतर विहीर गेलीच.

त्याने विचारलं, "पंत, त्या दिशी तुम्ही देवळात गेला व्हता. खाचा बघितल्या व्हत्या का?"

मी म्हणालो, आठवत नाही.

"मग नसतील," तो म्हणाला. "तुम्ही बघितल्या असत्या, तर तवाच बोलला असता." आणि उठून गेला.

उद्या निवाडा आहे. वर जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं दफ्तरात दिलं, तर साक्ष होईल. म्हणून तर आबा, वर दफ्तराचं नाही, तुमचं नाव घातलं.