अहो, सुरू होताय ना?

श्री. भाऊजी यांस,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. (वयाने मी तुमच्यापेक्षा धाकटी असले तरी नात्याने मोठी आहे, तेव्हा निमूट घ्यावेत.) तुमचे गुडघे काय म्हणतात? धाकट्या जाऊबाईंचा खोकला थांबला का? माझ्या तब्येतीचं विचाराल तर मी ठणठणीत आहे. हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचा, कारण रविवारी तुम्ही मला न्यायला येणार असं कळलं. चिरंजीवांनी फोनवर आडून आडून सांगितलं, काका सहज येतायत, तू एक बॅग भरून ठेव. सहज येणाऱ्याला माझी बॅग कशाला लागते? जन्मदात्या आईला शेंडी लावतो! बॅग भरलेली नाही आणि भरणारही नाही.

मूळ भानगड गवताची. तुमचे दादा गेल्यापासून घरामागच्या गवताला कुणी हात लावला नव्हता, ते माझ्या कमरेला लागलं. चिरंजीव म्हणाले, एवढं गवत तुला झेपत नाही म्हणजे हे घरही झेपत नाही, विकून टाकू, आमच्याकडे ये. (तिथे नवव्या मजल्यावर कुंडीतसुद्धा गवत उगवत नाही, हे मात्र खरं.) म्हणजे गवतावरून माझी परीक्षा! म्हटलं, बघूच. शेडमध्ये गेले आणि तुमच्या दादांच्या त्या गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवरची ताडपत्री ओढली. तुम्ही त्याला डबडं म्हणायचात. ह्यांच्या ते मनाला लागलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

उंदरांनी सीटमधला स्पंज काढून इंजिनावर संसार थाटला होता. त्यांना हुसकावलं आणि गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने दारातूनच पाहिलं, हे मॉडेल आपल्या वडलांनीही पाहिलं नसेल म्हणाला, भंगारात द्या असा सल्ला दिला आणि चहा पिऊन गेला. मग मीच पदर खोचला. ह्यांच्या प्रत्येक दुरुस्तीत मी टॉर्च धरून उभी असायचे, आणि टॉर्च धरणाऱ्या माणसाला सगळं दिसत असतं हो, फक्त त्याला कुणी विचारत नाही. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग घासला, पट्टा नवा घातला, पाती काढून धार लावून परत बसवली. (उलटी बसवली. त्यामुळे पहिल्या फेरीत गवत कापलं गेलं नाही, नुसता त्याचा भांग पडला, आणि मी पुढे गेले की ते मागे पुन्हा उभं राहायचं. चुका होतात. ह्यांच्याही व्हायच्या, तेव्हा दोष टॉर्चवर यायचा.)

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. ट्रॅक्टर सुरूच होईना! दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. तेव्हा मला आठवलं. तुमच्या दादांनी मला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही, मी नुसती 'अगं'. शेडमधून आवाज यायचा, 'अगं, ऐक की!', 'अगं, किती छळशील!', आणि मी ओल्या हातांनी धावत जायचे, तर हे म्हणायचे, 'तुला नाही, हिला.' ही म्हणजे ट्रॅक्टर! सवतच की ती. तेव्हा मीही म्हणून पाहिलं, 'अगं, ऐक की.' ढिम्म. शेवटी डोकं फिरलं आणि तोंडातून गेलं, 'अहो, सुरू होताय की नाही आता?' आणि दोरीला असा हिसका दिला की सगळं शेड हादरलं. सुरू! तेव्हापासून मी त्याला 'अहो' म्हणते. माझा ट्रॅक्टर आहे, मी काय वाटेल ते म्हणेन.

आता पलीकडच्या घरातली दुर्बीण. (शेजारणीचं हे नाव तुमच्या दादांनीच ठेवलेलं.) तिला कुंपणापलीकडून ऐकू काय येणार? 'अहो, जरा डावीकडे घ्या.' 'अहो, उगाच धूर काढू नका.' 'बसा आता सावलीत, दमलात.' ती कान टवकारून ऐकत राहिली. पण परवा उतारावर ब्रेक लागेना. मी वरून ओरडतेय, 'अहो, थांबा! अहो, माझं कधीतरी ऐका!', आणि आम्ही दोघं तिचं मेंदीचं कुंपण फाडून थेट तिच्या कपड्यांच्या दोरीत. तिच्या नवऱ्याचा पायजमा इंजिनावर पांघरला गेला तेव्हा कुठे गाडी बंद पडली. ती धावत आली, काही लागलं का वगैरे राहिलं बाजूला, पहिलं विचारलं, 'कुणाशी बोलत होतात?' मला धाप लागलेली. मी म्हटलं, 'ह्यांच्याशी.'

झालं! तासाभरात चिरंजीवांना फोन. आई बाबांशी बोलते, आणि बाबा ऐकत नाहीत म्हणून लोकांच्या कुंपणात घुसते.

तेव्हा भाऊजी, स्पष्ट सांगते. माझं डोकं जागेवर आहे. पाती सुलटी केली, कुंपण बांधून दिलं, पायजमा धुऊन इस्त्री करून परत केला, आणि मागचं सगळं गवत कापून झालंय. रविवारी जरूर या, अनवाणी चालून बघा, जेवा, दुपारी झोपा आणि आलात तसे एकटे परत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. येताना ब्रेकची जुनी पट्टी घेऊन या. ती तुम्ही ह्यांच्याकडून सायकलसाठी म्हणून नेली होती. ह्यांनी तेही मनात ठेवलं होतं.

आणखी एक. ट्रॅक्टर 'अहो' म्हटल्याने सुरू होत नाही. चोक ओढायचा राहिला होता, त्या हिसक्यात माझा हात लागून ओढला गेला. हे मला त्याच दिवशी कळलं. चोक ओढला की तो मुकाट सुरू होतो, काही बोलावं लागत नाही. तरी मी बोलते. भाऊजी, आता 'अहो' म्हणायला मला दुसरं आहे कोण? तिथे नवव्या मजल्यावर कुणाला म्हणू, लिफ्टला? हे तुमच्यापाशीच ठेवा. लेकाला एवढंच सांगा, मी बघून आलो, तुझी आई फक्त गवत कापते.