दाराच्या कोपऱ्यातला उजेड

भंडारा, मंगळवार, संध्याकाळ

आज दिराशी खोटे बोलले, म्हणून लिहिते आहे. अड्याळला जुना फ्रीजवाला ट्रेलर पाहिला, हा चौथा. मी आत उभी राहिले, सुधाकरने बाहेरून दार लावले. अंधारात खालच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ. दारच वाकलेले. तिथूनच गारवा जाणार, सिहोऱ्याची मासळी वाटेत नासणार.

"वहिनी, उजेड दिसते का? हाबी नाई म्हणसान तं मी दुसऱ्याची गाडी धरतो!"

हसत म्हणाला, पण धरेल. मग आपला ट्रक कोण चालवणार?

"नाही दिसत," म्हटले. खरे सांगायला काय झाले होते मला? ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे.

बदल्यात दिले: यांचा जुना उघडा ट्रेलर, त्याचे कागद, ताडपत्री. ताडपत्रीची घडी सुधाकरनेच घातली, खुशीत.